कावेरीच्या काठी जलरंगांची वही

तंजावर म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवतात ते व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराचे उत्तुंग विमान. परंतु ज्याच्या झोळीत चित्रवही, रंगांची लहानशी पेटी आणि पाण्याची बाटली आहे, अशा हौशी चित्रकाराला शहराइतकीच भोवतालची गावेही खुणावतात. तिरुवैयारू, पापनाशम, स्वामिमलै, मेलट्टूर ही कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावे. सपाट भातशेती, मधून वाहणारे कालवे, माडांच्या रांगा, केळीच्या बागा आणि क्षितिजावर एखादे गोपुर. डोंगर नसलेल्या या प्रदेशात कागदाचा अर्धा भाग आकाशानेच व्यापला जातो.

तंजावरची जगप्रसिद्ध चित्रशैली मात्र या उघड्या आकाशाखाली जन्मलेली नाही. लाकडी फळीवर देवदेवतांच्या आकृती, त्यावर सोन्याचा वर्ख आणि खड्यांची जडण, असे ते घरात बसून सावकाश करावयाचे काम. समोर दिसेल ते कागदावर टिपण्याची दृष्टी येथे निराळ्या वाटेने आली. थॉमस डॅनिएल आणि त्यांचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार १७९२ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. जागेवर केलेल्या रेखाटनांवरून त्यांनी पुढे लंडनमध्ये मुद्राचित्रे सिद्ध केली. तंजावरच्या महामंदिराचे त्यांचे चित्र १७९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दुसरे सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर आले. १८३२ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत या विद्याव्यासंगी राजाने पशुपक्षी आणि वनस्पती यांची चित्रे करवून घेतली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महालात जतन केलेल्या आहेत. त्यांत रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्रही आढळते. काशीयात्रेची स्मृती म्हणून तेथील घाटांची चित्रेही या संग्रहात आहेत. यातील हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. भिंतीची शोभा वाढविणे एवढेच चित्राचे काम नव्हते. जे पाहिले ते विसरले जाऊ नये आणि पुढच्या माणसाला उपयोगी पडावे, यासाठीही चित्र होते. हौशी चित्रकाराला यापेक्षा मोठा दिलासा कोणता? त्याच्या चित्रात कौशल्य थोडे कमी असले तरी चालते. पाहणे प्रामाणिक असले म्हणजे पुरे.

साहित्य थोडे, शिस्त फार

या छंदाला खर्च बेताचा लागतो. जाड कागदाची वही, दहा-बारा रंग, दोन गोल ब्रश, एक पेन्सिल, जुना सुती रुमाल आणि डोक्यावर टोपी एवढे पुरते. कागदावर मात्र काटकसर करू नये. पातळ कागद पाणी पडताच फुगतो आणि रंगाची डबकी साचतात.

जलरंगात पांढरा रंग हा कागदाचाच असतो. कालव्याच्या पाण्यावरील चमक, बगळ्याचे अंग, उंबरठ्यापुढील कोलम म्हणजे आपली रांगोळी, या जागा आरंभापासूनच कोऱ्या राखाव्या लागतात. आधी फिके, मग गडद हा क्रम सहसा मोडता येत नाही. डेल्टातील हवाही आपले नियम घालते. उन्हाळ्याच्या दुपारी रंग पसरण्याआधीच वाळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत तो वाळता वाळत नाही आणि घाई करणाऱ्याचे आकाश शेतात उतरते. पोंगलच्या सुमारास हवा निवळते, सांबा हंगामाचे भात पिवळे पडू लागते. नवशिक्याला तो काळ सर्वांत सोयीचा.

वेळ सकाळची साधावी. सावल्या सरकण्यापूर्वी मुख्य आकार आणि छाया मांडून घ्याव्यात. अग्रहारातील कौलारू घरांपुढे 'तिण्णै' असते. मराठी माणसाला ती आपल्या ओट्याची बहीण वाटेल. तेथे बसण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, देवळाच्या आवारातही अनुमती घ्यावी. चित्र काढणाऱ्याभोवती मुले जमतात, वडीलधारी मंडळी चौकशी करतात, आणि भाषा येत नसली तरी वहीच बोलू लागते. कॅमेऱ्याने टिपून निघून जाणाऱ्या प्रवाशाला हा शेजार क्वचितच लाभतो.

तारखेचे मोल

कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाचा परिसर पुनःपुन्हा रंगवीत राहिले. एकाच जागी परतण्याचा हा पाठ कावेरीकाठी विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण येथील दृश्य पाण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याची प्रथा आहे. ते पाणी करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेल्या कल्लणै बंधाऱ्यापाशी येते आणि तेथून कावेरी, वेण्णार व कालव्यांच्या वाटांनी गावोगाव पोहोचते. पाणी वेळेवर आले तर कुरुवै हंगामाचे भात लागते. न आले तर त्याच चौकटीत वाळू, रिकामे पात्र आणि तडकलेली माती दिसते. २०२० मध्ये धरण १२ जून रोजी उघडले, तेव्हा तो मुहूर्त आठ वर्षांनंतर साधला गेला होता. त्याच वर्षी तामिळनाडू शासनाने डेल्टाला संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा देणारा कायदा केला. शेती टिकविण्यासाठी कायद्याची गरज भासावी, यातच या हिरवाईची नाजूक अवस्था स्पष्ट होते.

म्हणूनच प्रत्येक चित्राखाली गावाचे नाव, तारीख आणि वेळ लिहिण्याची सवय लावून घ्यावी. 'तिरुवैयारू, जूनचा तिसरा आठवडा, घाटाच्या चार पायऱ्या पाण्याखाली' एवढी टीप साध्या चित्रालाही दस्तऐवजाचे मोल देते. पुढच्या वर्षी त्याच घाटावर पुन्हा बसले की किती पायऱ्या उघड्या पडल्या हे वहीच सांगते. कौले जाऊन सिमेंटचे छत आलेले घर, तोडलेला माड, नव्याने भरून वाहणारा कालवा, साऱ्यांची नोंद नकळत होत जाते.

निवृत्तीनंतर किंवा चार दिवसांच्या रजेत हा छंद कोणालाही आरंभता येईल. पहिली काही पाने बिघडतील, झाडे कोबीसारखी दिसतील, पाणी चिखलासारखे. ती पाने फाडून टाकू नयेत. त्यांच्यावरही तारीख आहे, आणि त्या दिवशी कावेरीला पाणी होते की नव्हते, हे त्यांनाही ठाऊक आहे.