पुसलेले खरोखर पुसले जाते का?

जून २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला तपासणीत आढळले. पुढे तो ओसरला. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या दिवसांत सरोवराची छायाचित्रे काढली होती. एक दिवस तो रडवेला होऊन आला. "सर, धाकट्या भावाने कॅमेऱ्यातले सगळे फोटो डिलीट केले!"

मी विचारले, "त्यानंतर नवा फोटो काढलास?" नाही म्हणाला. मग कार्ड संगणकाला जोडून हरवलेल्या फाइली शोधणारी आज्ञावली चालवली. तासाभरात गुलाबी पाणी पडद्यावर हजर!

विद्यार्थी मित्रहो, ही जादू नव्हे. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तकाच्या नावावर रेघ मारली तरी पुस्तक कपाटात असतेच. कॅमेऱ्याने केवळ रेघ मारली होती. सारे पुसूनच का टाकले नाही? त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे.

कार्डातील प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये निरोधक थरांनी चहूबाजूंनी बंद केलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. साध्या रचनेत तो रिकामा असला तर १, त्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले असले तर ०. कप्पा बंद, मग इलेक्ट्रॉन आत शिरतात कसे? मोठा विद्युतदाब दिला की ते पातळ थरातून आरपार जातात. भिंतीवरून उडी न मारता भिंतीतूनच पलीकडे! न्यूटनच्या यामिकीत हे अशक्य. पुंजयामिकीत शक्य आहे. वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षे आत राहतात.

मात्र १ चा ० एका पानापुरता करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा तर अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम रिकामा करावा लागतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ही स्मृती जगापुढे मांडली. तिचे एका झटक्यात पुसले जाणे पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि 'फ्लॅश' हेच नाव पडले. प्रत्येक पुसण्यास वेळ लागतो, शिवाय निरोधक थर थोडा झिजतो. म्हणून पुसणे शक्य तितके टाळतात.

संगणक आणि कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाची आज्ञावली दुभाष्याचे काम करते. एसडी कार्डात ३२ क्रमांकाच्या आज्ञेने आरंभ सांगायचा, ३३ ने शेवट, आणि ३८ ने हुकूम सोडायचा. ३८ बरोबर ० पाठवला तर 'इरेज', म्हणजे पुसून टाक. १ पाठवला तर 'डिस्कार्ड', म्हणजे हे मला नको, सवडीने काय ते कर. इरेजनंतर तो भाग वाचल्यास सर्वत्र ० किंवा सर्वत्र १ मिळतात. यांपैकी कोणते, हे कार्डाच्या नोंदीत लिहिलेले असते. डिस्कार्डनंतर कसलीच हमी नाही. जुनी माहिती सगळी मिळेल, अर्धवट मिळेल, किंवा मिळणारही नाही. फायदा एवढाच, की कार्ड मोकळ्या वेळी गठ्ठे रिकामे करून ठेवते आणि पुढचे लेखन झटपट होते.

यात गंमतही घडते. काही कार्डे 'मला डिस्कार्ड येते' असे सांगत, पण ते त्यांना येत नसे! फॉरमॅट करताना ती अडून बसत आणि नवे लेखन स्वीकारीत नसत. २०२२ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठी अपवाद घातला गेला: त्यांना १ ऐवजी ० च पाठवायचा.

आमच्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्याने ३८ ची आज्ञा बहुधा पाठवलीच नव्हती. तुमचे काही चुकून डिलीट झाले तर कार्ड ताबडतोब बाहेर काढा, त्यावर नवे काही लिहू नका. उलट, जुने कार्ड दुसऱ्याला देताना नुसत्या डिलीटवर विसंबू नका. मी तर घरचे फोटो असलेले कार्ड कोणाला देतच नाही.