यादीत आपला किल्ला का नाही?

हिवरे बाजार बघायला निघालेला पाहुणा वाटेत अहिल्यानगरचा भुईकोट किल्लाही बघतो. १९४२ साली नेहरू आणि त्यांचे सहकारी याच किल्ल्यात स्थानबद्ध होते. एवढा इतिहास असून जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत तो का नाही, असे नगरकराला वाटणारच. नगरचे सोडा, स्वराज्याचे तोरण जिथे बांधले असे आपण लहानपणापासून ऐकतो, तो तोरणाही त्यात नाही!

मुळात ही मोठेपणाची स्पर्धा नसते. देशाने आधी संभाव्य स्थळांची यादी युनेस्कोकडे द्यायची. त्या यादीत निदान वर्षभर असलेल्या स्थळाचाच प्रस्ताव पुढे पाठवता येतो आणि तोही एका देशाला वर्षाला एकच. भारताच्या यादीत पन्नासहून अधिक नावे ताटकळत आहेत. म्हणजे पहिली चुरस दिल्लीतच.

मराठ्यांचे किल्ले २०२१ साली संभाव्य यादीत गेले, तेव्हा विषय महाराष्ट्रापुरता होता. अंतिम प्रस्तावात तमिळनाडूतील जिंजी आला. कारण सुटे किल्ले पाठवायचे नव्हते, मराठ्यांच्या संरक्षणव्यवस्थेची सलग गोष्ट सांगायची होती. साल्हेर, राजगड डोंगरी, प्रतापगड जंगलातला, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, खांदेरी, सिंधुदुर्ग भर समुद्रात. राजाराम महाराजांनी जिंजीतून राज्य चालवले. जिंजी वगळली असती तर ही गोष्ट सह्याद्री आणि कोकणातच संपली असती. नगरचा भुईकोट मुख्यतः निजामशाहीची, चांदबिबीची गोष्ट सांगतो. तोरण्याची बाजू शेजारचा राजगड मांडतो, असे आपले माझे मत.

पण गोष्ट जुळली म्हणून भागत नाही. स्थळाभोवती संरक्षक पट्टा आखावा लागतो, व्यवस्थापनाचा आराखडा जोडावा लागतो, तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन पाहतात. आता हा पट्टा म्हणजे कुणाचे तरी शेत, कुणाचे घर, कुणाचे हॉटेल. इथे मला हिवरे बाजार आठवते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी हे निर्बंध तिथे गावाने ग्रामसभेत स्वतःवर घालून घेतले, म्हणून ते टिकले. गडाच्या पायथ्याच्या गावाला मात्र नियम बहुधा वरून कळतात.

कोकणातील कातळशिल्पे २०२२पासून संभाव्य यादीत आहेत. त्यांतली बरीचशी खासगी जमिनींवर, उघड्या सड्यावर आहेत. त्यांचा प्रस्ताव पाठवायचा तर आधी त्या जमीनमालकांच्या ओटीवर जाऊन बसावे लागेल.