धनसत्ता आणि धर्मनेतृत्व : स्कॉटलंडमधील चर्चचा अनुभव

प्रस्तावना :
धर्मसंस्थेचा खर्च जो उचलतो, तोच तिचा नेता ठरवितो काय, हा प्रश्न सर्वच धर्मसंस्थांना लागू पडतो. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये या प्रश्नावरून राष्ट्रीय चर्च दुभंगले. प्रस्तुत लेखात त्या घटनेचा विचार केला आहे.

नियुक्तीचा हक्क :
इ.स. १७१२ मध्ये ब्रिटिश संसदेने स्थानिक चर्चचा पाळक सुचविण्याचा हक्क जमीनदारांना पुन्हा बहाल केला. हा हक्क मालमत्तेसारखा असल्याने त्याची खरेदी-विक्रीही होत असे. इ.स. १८३४ मध्ये चर्चच्या महासभेने बहुसंख्य कुटुंबप्रमुखांना नकाराधिकार दिला. त्याच वर्षी ऑक्टरार्डर येथे जमीनदाराने सुचविलेल्या उमेदवारास सुमारे ३३० पैकी २८० हून अधिक कुटुंबप्रमुखांनी नाकारले. तथापि १८३८ व १८३९ मध्ये न्यायालयांनी जमीनदाराचा हक्कच ग्राह्य धरला.

फूट आणि पर्यायी व्यवस्था :
परिणामी १८ मे १८४३ रोजी साडेचारशेहून अधिक पाळकांनी वेतन व निवासस्थान यांवर पाणी सोडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारीही त्यात सामील झाले. त्यांना आपल्या शिक्षणसंस्थेची इमारत सोडावी लागली. आजचे विल्सन महाविद्यालय याच परंपरेतील होय.

नव्या चर्चचे नेते टॉमस चाल्मर्स यांनी निर्वाहनिधीची योजना मांडली. सर्व मंडळ्यांचे अंशदान मध्यवर्ती निधीत जमा होई व त्यातून पाळकांना समान वाटा मिळे. त्यामुळे दरिद्री गावातील पाळकही स्थानिक धनिकाचा मिंधा राहत नसे. मात्र संपन्न मंडळ्यांना आपल्या पाळकास जादा रक्कम देण्याची मुभा होती. विषमतेला तेवढी वाट मोकळी राहिली.

देणगीचा पेच :
इ.स. १८४४ मध्ये याच चर्चने अमेरिकेतील गुलामधारकांकडूनही देणग्या स्वीकारल्या. त्या परत कराव्यात यासाठी १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी स्कॉटलंडभर भाषणे दिली. परंतु पैसा परत गेला नाही. जमीनदारांपुढे न झुकलेले नेतृत्व दूरच्या देणगीदारांविषयी मात्र सावधपणे बोलू लागले.

निष्कर्ष :
जमीनदारांचा हक्क १८७४ मध्ये कायद्याने रद्द झाला. कायद्याने दिलेला हक्क कायद्याने काढून घेता येतो. कृतज्ञतेतून येणारे दडपण मात्र कोणत्याही कायद्यात नोंदलेले नसते. म्हणून देणारा आणि निवडणारा यांच्यात अंतर राखणारी आर्थिक रचना हीच धर्मनेतृत्वाच्या स्वातंत्र्याची पहिली अट ठरते. आणि कोणाचे दान घ्यावयाचे याचा विवेक ही दुसरी.