नव्या ट्रॅक्टरची हमी आणि शेतकऱ्याचा हक्क

बैल घेतांना आमचा शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, जुंपून चालवून पाहतो आणि चार जाणत्यांस विचारल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. पण त्याहून कितीतरी पट किंमतीचा नवा ट्रॅक्टर घेतांना तोच शेतकरी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून कागदांवर सह्या करतो. बहुतेक यंत्रें चांगलीं निघतात, हें खरें. परंतु एखादें सदोष निघालें म्हणजे वापसा निघून जातो, भाड्यानें नांगरट करावी लागते, आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाहीं.

ट्रॅक्टरची हमी वर्षें व कामाचे तास अशा दोन मापांनीं दिलेली असते. जें आधीं भरेल तेथें ती संपते. टायर व बॅटरी यांची हमी पुष्कळदां त्या त्या कारखानदाराची निराळी असते. शिवाय हमीपत्रांत सामान्यतः सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचेंच वचन असतें, सबंध यंत्र बदलून देण्याचें नव्हे. एका मोटारीच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं हाच भेद मानला व गाडी बदलून देण्याचा हुकूम रद्द केला. यास्तव नवें यंत्र अथवा किंमत परत मागणारानें, दोष मुळांतच असून वारंवार दुरुस्तीनेंही गेला नाहीं, हें पुराव्यानें दाखविलें पाहिजे.

दाद मागण्याचा मार्ग मात्र सोपा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यान्वयें, ५० लाखांपर्यंत किंमत दिलेल्या मालाची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, व ती आपण राहतों त्याच जिल्ह्यांत करतां येते. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज केला पाहिजे. दोष काढणें, माल बदलणें, किंमत परत देणें व नुकसानभरपाई, हे सर्व हुकूम आयोग देऊं शकतो.

'तुम्ही ट्रॅक्टर धंद्यासाठीं घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे', अशी हरकत विक्रेते घेतात. पण केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठीं स्वकष्टानें वापरलेली वस्तु कायदा व्यापारी मानीत नाहीं. शेतकरी हा ग्राहकच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बियाण्यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. ट्रॅक्टर बंद पडला म्हणजे मेकॅनिकला फोन होतो, तो कांहींतरी घट्ट करून जातो आणि कागदावर कांहींच उरत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक वेळीं जॉब कार्ड करून घ्यावें. त्यावर तारीख, मीटरवरील तास व तक्रार आपल्या शब्दांत लिहवून प्रत जपावी. सर्व्हिस ठरल्या तासांस करावी, नाहींतर तेंच निमित्त पुढें केलें जातें. इंजिन वा गिअर बाहेर उघडूं देऊं नये. कारण आयोग जरूर तर यंत्राची तज्ज्ञाकडून तपासणी करवितो. भाड्यानें केलेल्या मशागतीच्या पावत्या ठेवाव्या. दोष पुन्हां दिसतांच विक्रेता व कारखानदार या दोघांसही लेखी नोटीस स्पीड पोस्टानें पाठवून पोच जपावी. मौन घातक आहे: माल नाकारीत असल्याचें न कळवितां वाजवीपेक्षां अधिक काळ जवळ ठेवल्यास तो पत्करला, असें १९३० चा मालविक्रीचा कायदा समजतो. प्राथमिक सल्ल्यासाठीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

एकाच जातीच्या ट्रॅक्टरांत तोच दोष तालुक्यांतील अनेकांस आढळल्यास, आयोगाच्या परवानगीनें सर्वांच्या वतीनें एकच तक्रार करतां येते. एकट्याचा आवाज वर्कशॉपच्या दारांतच विरतो. दहा जणांचीं जॉब कार्डें एकत्र ठेवलीं तर तीं कारखानदारालाही वाचावीं लागतील. आमचे शेतकरी बंधु हा मार्ग अवलंबतील, अशी आशा आहे.