गिअरबॉक्सवरचे झाकण

आलापल्लीहून भामरागडकडे जुन्या जीपमधून जाताना चालकाच्या पायाशी पत्र्याचा एक उंचवटा दिसतो. त्याखाली गिअरबॉक्स असतो. महिंद्रांनी मुंबईत जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासूनची ही रचना. झाकण धग, धूळ, पाणी अडवते हे खरेच. पण मुख्य शत्रू निराळा. गळक्या सायलेन्सरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. फटीतून तो आत शिरला तरी कळायचे नाही, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडायचा!

तेव्हा झाकण सडले की नवे करून घ्यावे. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो, पत्रा मात्र वाया जातो. पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाड असावा. गिअरबॉक्स रबरी आधारांवर हलतो, म्हणून सभोवती बोटभर जागा राखा. कडा दुमडल्या की पत्रा थरथरत नाही. कडेखाली रबराची पट्टी आणि गिअरच्या दांड्याला रबरी टोपी हवीच.

आणि झाकण वेल्डिंगने जोडू नका, बोल्टांनीच बसवा. भर रानात गिअरबॉक्स बिघडला, तर मिस्त्रीला तो तिथेच उघडता आला पाहिजे.