अर्ध्या युनिटचा हिशेब

रात्रीचे पावणेतीन. मोबाइलच्या उजेडात आई तीन वर्षांच्या मुलाचा हात पांघरुणातून बाहेर काढते आणि बोटाच्या कडेला टोचते. मधोमध टोचलं तर जास्त दुखतं, हे तिला आता पाठ आहे. थेंब पट्टीला लागतो, पाच सेकंदांत ग्लुकोमीटरवर आकडा उमटतो: ६८. म्हणजे सत्तरच्या खाली. पोराला अर्धवट जागं करून चमचाभर साखर विरघळवलेलं पाणी घोटघोट पाजायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं.

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते. ती असं का करते, याचं उत्तर अजून अर्धंच मिळालंय. पण गोड खाल्ल्यानं हे होत नाही, एवढं पक्कं. तरीही ‘लहानपणी चॉकलेटं फार दिलीत’ हे वाक्य प्रत्येक आईला कुणी ना कुणी ऐकवतंच.

सुरुवात अनेकदा साधी वाटते. अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं, घटाघटा पाणी पितं, खाऊनही वाळतं. लघवीला मुंग्या लागल्याचं आजीच्याच आधी लक्षात येतं. तेव्हाच रक्त तपासलं तर बरं. नाहीतर रक्तात आम्ल साचतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जलद चालतो. लहान मुलात हे चित्र न्यूमोनियासारखं किंवा पोट बिघडल्यासारखं दिसू शकतं, आणि तेवढ्यात मोलाचे तास जातात.

आता थोडं गणित. तेरा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त साधारण एक लिटर. साखर शंभर असेल, तर त्या सगळ्या रक्तात ग्लुकोज असतं जेमतेम एक ग्रॅम. चिमूटभर! एवढ्याशा अंगात इन्शुलिनचं एक युनिट साखर दीडशे-दोनशेनंही खाली आणू शकतं. म्हणून इथे अर्ध्या युनिटचा हिशेब लागतो, आणि अर्ध्या युनिटनं सरकणारी पेनं मिळतात.

सिरिंज वापरत असाल तर टोपणाचा रंग बघा. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्याही येतात आणि १००च्याही. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. शंभरचं इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये ओढलं, की डोस थेट अडीचपट होतो. दुकानदारानं घाईत जे हातात ठेवलं तेच घरी आणू नका.

पण खरा विरोधी पक्ष म्हणजे ते मूल. वरणभाताचा अंदाज घेऊन इन्शुलिन दिलं आणि दुसऱ्या घासाला ‘नको’ म्हणत ते ताटावरून उठलं, तर? आत गेलेलं इन्शुलिन परत काढता येत नाही. म्हणून खाण्याच्या बाबतीत लहरी असलेल्या मुलांना काही डॉक्टर झटपट काम करणारं इन्शुलिन जेवण झाल्या झाल्या द्यायला सांगतात. किती खाल्लं ते बघून.

मग येतो सगळ्यांत फसवा काळ. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची इन्शुलिनची गरज एकदम उतरते. उरल्यासुरल्या बीटा पेशींना थोडा आराम मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. मला ते नाव अगदीच विचित्र वाटतं. काही महिने, क्वचित वर्षभर चालणारा हा काळ घरच्यांना मात्र बरं झाल्याचा भास देतो. कुणाचा तरी काढा नेमका याच वेळी सुरू झालेला असतो, श्रेय त्यालाच जातं आणि इंजेक्शन बंद होतं. ते जिवावर बेतू शकतं.

जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून दिवस मोजणं एवढंच हातात होतं. आज दंडावर सेन्सर लावता येतो, तो त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोबाइलवर दाखवतो. रक्तापेक्षा तो थोडा मागे असतो, शिवाय महागही. ज्यांना तो परवडत नाही त्यांची रात्र पट्टीवरच जाते.

तीन वाजून पाच मिनिटं. १०४. आई वहीत आकडा लिहिते आणि पेन्सिल उशीखाली ठेवते. स्वयंपाकघरात भाताची एक स्टीलची वाटी वेगळी ठेवलेली आहे, मापाची. काल आईनं चुकून दुसरी घेतली, तर सासूबाईंनी तिला चांगलंच झापलं.