सौद्याचं जेवण
पनवेलात जमिनीचा सौदा बहुधा दुपारी, जेवतानाच ठरतो. मी जागेचे कागद तयार करतो, म्हणून टेबलावर तिसरी खुर्ची माझी. मुंबईची पार्टी पनीर मागवते. गावचे दादा सुरमई थाळी, तांदळाची भाकरी. गुरुवार असला की सगळेच शाकाहारी! दराचा विषय सोलकढी आल्याशिवाय काढू नये. उपाशी माणूस आकड्यावर अडून बसतो. घाईतले लोक पळस्पे फाट्यावर दत्त स्नॅक्समध्ये बटाटेवड्यावर भागवतात. ऑक्टोबर २०२५मध्ये जवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता जेवणाआधीच भाव विचारतात. बिल बहुधा जागा घेणारा देतो. ते नीट वाचा: साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, सेवाशुल्क मात्र सक्तीचं नाही, नको असेल तर काढायला सांगा.